करवंटी

लालबागच्या खानावळीतून दर शनिवारी पोतं येतं,
खोबरं खरवडून झालेल्या करवंट्यांचं.
मालक पैसे घेत नाही. म्हणतो,
मॅडम, हातात करवंटी आली की माणूस संपला म्हणतात,
तुम्ही तर पोतंभर मागता.

मी हसते. फोडते, धुते, भट्टीत ठेवते,
आधी हवेशिवाय, मग वाफेवर, आठशे अंशांपर्यंत.
कोळसा उगाळावा तितका काळाच, हे खरं,
पण आत शिरून कुणी पाहिलंय?
भोकात भोक, त्याच्या आत आणखी बारीक बोळ,
एका चिमटीत हजार चौरस मीटर.
मुंबईत एवढी जागा, आणि कुणाच्याच नावावर नाही!
आम्ही पाच जण कुर्ल्याला एकशे ऐंशी चौरस फुटांत वाढलो.
वामनदादा गॅलरीत झोपायचा,
कमरेची दोरी कठड्याला बांधून,
झोपेत फिट आली तर खाली जाऊ नये म्हणून.

माहीमच्या खाडीत लीलाधर वैती होडी घालतो,
बाटली बुडवून देतो, बूच मी लावते.
परवा विचारलं त्यानं,
पाण्यात औषधं आहेत म्हणता,
मग माझी मासळी आजारी कशी?
याचं उत्तर माझ्या प्रबंधात चौतीस पानांवर आहे,
आणि तरी नाही.
मी एवढंच म्हणाले, दुसऱ्याचं औषध आहे ते.

दुसऱ्याचं म्हणजे आपलंच.
पोटात गेलेली गोळी सगळी अंगी लागत नाही.
कुणाचे गुडघे, कुणाची साखर,
चौथ्या मजल्यावरच्या मुलीचा अर्धवट टाकलेला अँटिबायोटिकचा कोर्स.
सकाळी अख्खं शहर फ्लश दाबतं
आणि विसरतं.

यंत्र विसरत नाही.
पडद्यावर रेघ सपाट चालत राहते
आणि सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी
एक सुळका उठतो. कार्बामाझेपिन.
फिटांवरचं. शुद्धीकरण केंद्रातल्या जंतूंना
न जुमानता पार होणारं.

दादाच्या तेराव्यानंतर
आईनं बिस्किटांचा डबा उघडला.
साडेतीन पट्ट्या उरल्या होत्या.
एकेक गोळी अंगठ्यानं फोडून काढली तिनं,
शेंगा सोलाव्यात तशी.
कुणा पोराच्या हाती लागायला नको, म्हणाली,
आणि संडासात टाकून वर बादली ओतली.
बादली मीच भरून दिली होती.

एकवीस वर्षं झाली. हा सुळका त्याचा नाही,
तेवढं रसायनशास्त्र मला कळतं.
तरी सहावं मिनिट लागलं
की मी खुर्ची यंत्राजवळ ओढते.

शिकवताना पोरं दोन शब्दांत गोंधळतात.
शोषण म्हणजे आत ओढून गिळणं,
या शहराला ते उत्तम जमतं.
अधिशोषण वेगळं. त्यात कुणी कुणाला गिळत नाही.
वाहत आलेला कण भिंतीला टेकतो
आणि भिंत म्हणते, थांब.

काल काचेच्या नळीत कोळसा भरला, बोटभर.
वरून खाडी सोडली, थेंब थेंब, रात्री नऊपर्यंत.
सफिया निघताना दिवे चालू ठेवून गेली.
खाली उतरलेलं पाणी यंत्राला दिलं.
पाच मिनिटं. सहा.
सहा चाळीस.
रेघ सपाट.

आनंद झाला. सरांना निरोप धाडला.
मग ती नळी हातात धरून बसले,
काळी, ओली, बोटभर.
अशी नळी कधीतरी भरते, मग काही धरत नाही.
पुन्हा भट्टी, पुन्हा आठशे अंश,
जागा रिकामी करून द्यावी लागते. नियमच आहे.

ही मात्र मी भट्टीत घातली नाही.
बूच लावून फडताळात ठेवली.
चिठ्ठीवर तारीख, ठिकाण माहीम,
आणि नमुन्याच्या नावापुढे
काही सुचेना,
तेव्हा नळीच्या गळ्याभोवती दोरी बांधली,
दुसरं टोक फडताळाच्या कडीला.